फ्लोरीन −३२८, क्लोरीन −३४९: इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पीच्या अपवादाचं नीट कारण काय?

वर्गपाटी

नमस्कार. अकरावीला आवर्ती कल शिकवताना तीन जागी पुस्तकातलं उत्तर अपुरं पडतं. जाणकारांनी खुलासा करावा.

१) गणात (आवर्त सारणीच्या उभ्या स्तंभात) वरून खाली जाताना इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी (सुट्या वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जाबदल; ऊर्जा बाहेर पडली की ऋण) कमी ऋण होत जाते असं सांगायचं आणि लगेच पुढच्या ओळीत फ्लोरीन −३२८, क्लोरीन −३४९ किलोज्यूल प्रति मोल लिहायचं. कारण काय, तर "फ्लोरीनचा अणू लहान". पण अणू लहान म्हणजे केंद्रक जवळ, म्हणजे ओढ जास्त, असा प्रश्न मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. मग हा लहानपणा नक्की कोणाच्या बाजूने?

२) इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीन जास्त ऊर्जा सोडतो. तरी ऑक्सिडीकारक (दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन काढून घेणारा) म्हणून फ्लोरीन वरचढ. कसं काय?

३) क्लोरीनसाठी एका पुस्तकात +३४९, दुसऱ्यात −३४९. एका उष्मारासायनिक तक्त्यातून क्लोराइड आयन वजा क्लोरीन अणू अशी वजाबाकी केली तर −३५५ येते. वरचे ६ किलोज्यूल आले कुठून? बॉर्न-हेबर चक्रात (मूलद्रव्यांपासून आयनिक घन बनण्याच्या पायऱ्यांचा ऊर्जा-हिशेब) कोणती किंमत घालायची?

कक्षक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

लहानपणा दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून तर घोळ होतो. येणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रक ओढतं आणि कवचात आधीच असलेले सात इलेक्ट्रॉन ढकलतात. अणू लहान झाला की ओढ वाढते तशी ढकलही वाढते. तक्त्यात दिसते ती या दोहोंची गोळाबेरीज. फ्लोरीनची सहसंयुज त्रिज्या ६४ पिकोमीटर, क्लोरीनची ९९. या त्रिज्यांचे गोल कल्पून घनफळं काढली तर क्लोरीनचं सुमारे ३.७ पट भरतं. बाह्यकवचात माणसं मात्र दोन्ही घरांत सातच. आठवा कुठे सहज मावेल हे मुलांना लगेच कळतं.

या ढकलीचा अंदाज आकड्यातही काढता येतो. आयोडीन २९५, ब्रोमीन ३२५, क्लोरीन ३४९ (सोडलेली ऊर्जा, चिन्ह बाजूला ठेवून). पायरीमागे २४ ते ३० ची वाढ आहे. हाच चढ पुढे नेला तर फ्लोरीन ३७० च्या वर जायला हवा होता. आहे ३२८, म्हणजे ४० ते ५० किलोज्यूलची तूट. सोळाव्या गणात हेच करून बघा. टेल्युरियम १९०, सिलेनियम १९५, गंधक २००, म्हणजे ऑक्सिजन २०५ च्या आसपास यायला हवा. आहे १४१. तूट ६० च्याही वर. हा काही सिद्धांत नाही, फळ्यावर पट्टी धरून काढलेला अंदाज आहे. पण अपवाद किती मोठा आहे ते त्यातून कळतं.

आणि दोन्ही गणांत अपवादाचा परिणाम सारखा नाही, हे मुद्दाम दाखवा. फ्लोरीन घसरतो तो फक्त एक पायरी: क्लोरीनच्या खाली, पण ब्रोमीनच्या वर (३२८ आणि ३२५, जेमतेम). ऑक्सिजन थेट टेल्युरियमच्याही खाली जातो. "पहिला आणि दुसरा अदलाबदल करा" असं पाठ केलेली मुलं सोळाव्या गणात हमखास चुकतात.

ही गोष्ट फक्त या दोन गणांची नाही. पी-खंडात दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्ताची कोणतीही जोडी घ्या: बोरॉन २७ तर अ‍ॅल्युमिनियम ४२, कार्बन १२२ तर सिलिकॉन १३४, नायट्रोजन जवळपास शून्य तर फॉस्फरस ७२. सगळीकडे तिसरं आवर्त पुढे. लिथियम (६०) आणि सोडियम (५३) यांत मात्र नेहमीचा कल टिकतो, कारण तिथे २एस मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो आणि ढकलायला फारसं कोणी नसतं. म्हणून अपवाद "फ्लोरीनचा" न म्हणता "२पी चा" (दुसऱ्या कवचातल्या पी उपकवचाचा) म्हणून शिकवला तर एका वाक्यात पाच गण उरकतात.

जलयोजन

दुसरा प्रश्न. मुळात इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी ही एकट्या, वायुरूप, सुट्या अणूची गोष्ट. बाटलीत फ्लोरीनचे सुटे अणू नसतात, रेणू असतात. आणि ऑक्सिडीकारकांची तुलना आपण करतो ती पाण्यातल्या प्रमाण विभवावरून (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये). म्हणून तीन पायऱ्यांची बेरीज करावी लागते (सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल).

फ्लोरीन: रेणूचा बंध तोडून एक मोल अणू मिळवायला अर्धा × १५८ = ७९. इलेक्ट्रॉन घेताना −३२८. आयन पाण्यात गेल्यावर जलयोजन −५०६. बेरीज −७५५.

क्लोरीन: अर्धा × २४२ = १२१. मग −३४९. मग −३६४. बेरीज −५९२.

मधल्या पायरीत क्लोरीन २१ ने पुढे आहे. पण बंध तोडताना ४२ ने मागे पडतो आणि जलयोजनात १४२ ने. एकूण १६३ किलोज्यूल फ्लोरीनच्या पारड्यात. जलयोजन एन्थाल्पी पुस्तकागणिक थोडी हलते, पण निकाल बदलत नाही.

आता पडताळा. प्रमाण विभव +२.८७ आणि +१.३६ व्होल्ट, फरक १.५१. याला ९६.५ ने गुणलं की १४६ किलोज्यूल. आपले आले १६३. उरलेले १७ कुठे गेले? विभव गिब्ज ऊर्जा (एन्थाल्पीतून तापमान × एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वजा करून उरते ती) सांगतं आणि आपण बेरीज केली एन्थाल्पीची. फ्लोराइड आयन भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना घट्ट जखडतो, त्यामुळे त्याच्या बाजूला एन्ट्रॉपी प्रति मोल सुमारे ६० ज्यूल प्रति केल्विन जास्त घटते. ६० × २९८ म्हणजे सुमारे १८ किलोज्यूल. हिशेब जुळला. वर्गात वेळ असेल तर हा पडताळा जरूर करा. बेरीज हवेत नाही याची मुलांना खात्री पटते.

एक गंमत. फ्लोरीनचा बंध इतका कमकुवत का? दोन अणू १४२ पिकोमीटरवर येतात आणि दोघांच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात. म्हणजे ज्या दाटीमुळे फ्लोरीन इलेक्ट्रॉन घेण्यात क्लोरीनच्या मागे पडला, तीच दाटी त्याचा बंध ढिला करून त्याला रासायनिक दृष्ट्या जहाल बनवते.

नेहमीची चूक: मुलं १५८ आणि २४२ तशीच घालतात, अर्धं करायला विसरतात. मग बेरीज −६७६ आणि −४७१ येते. क्रम बरोबर राहतो म्हणून चूक लपते, पण विभवाशी ताळा करायला गेलं की फरक २०५ येतो आणि बिंग फुटतं.

शून्य_केल्विन

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

चिन्हाचा भाग सोपा आहे. इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी ही जुनी राशी "सोडलेली ऊर्जा धन" अशी मोजतात, म्हणून +३४९. एन्थाल्पीत बाहेर पडलेली ऊर्जा ऋण, म्हणून −३४९. दोन राशी, दोन नावं. गोंधळ होतो तो पुस्तकं एकीचं नाव देऊन दुसरीचं चिन्ह छापतात तेव्हा.

आता ६ किलोज्यूल. इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी ठरते शून्य केल्विनला. एन्थाल्पी आपण २९८ केल्विनला मागतो. मोकळा इलेक्ट्रॉन हा एकाणू आदर्श वायू धरला तर त्याच्याजवळ ५/२ आरटी (आर हा वायू स्थिरांक, टी हे तापमान) एवढी एन्थाल्पी असते. क्लोरीन अणू आणि क्लोराइड आयन यांच्याजवळही तेवढीच असते, ती एकमेकांत कटते. उरते इलेक्ट्रॉनची. म्हणून:

इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी = −(इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी) − ५/२ आरटी

२.५ × ८.३१४ × २९८ = ६१९४ ज्यूल, म्हणजे ६.२ किलोज्यूल. क्लोरीनसाठी −३४८.६ − ६.२ = −३५४.८. तुमची −३५५ हीच.

थोडक्यात, बहुतेक शालेय तक्त्यांत "इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी" या मथळ्याखाली खरं तर शून्य केल्विनची अ‍ॅफिनिटी उलट चिन्ह लावून छापलेली असते. काटेकोर बोलायचं तर मथळा चुकीचा आहे. पण क्रम लावताना प्रत्येक आकड्यात तेच ६.२ मिळवायचे असल्याने काही फरक पडत नाही.

बॉर्न-हेबरमध्येही नाही, एका अटीवर. सोडियम जो इलेक्ट्रॉन देतो तोच क्लोरीन घेतो. आयनीभवनात +६.२ आणि ग्रहणात −६.२, दोन्ही कटतात. अट अशी की दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत. ४९६ आणि −३४९ घ्या किंवा ५०२ आणि −३५५ घ्या. ४९६ आणि −३५५ अशी खिचडी केली की जालक एन्थाल्पी (वायुरूप आयनांचा घन स्फटिक बनतानाचा ऊर्जाबदल) ६ ने चुकते.

मीठ करून दाखवतो: बाष्पन १०८.४, आयनीभवन ४९६, अर्धा मोल क्लोरीनचं विघटन १२१, ग्रहण −३४८.६. बेरीज ३७६.८. निर्मिती एन्थाल्पी −४११.२. म्हणून जालक निर्मितीची एन्थाल्पी −४११.२ − ३७६.८ = −७८८.

मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ग्रहण एन्थाल्पी दोनदा आणि क्लोरीनचा बंध अख्खा: −६४१ − १४८ − ७३८ − १४५१ − २४२ + ६९८ = −२५२२. दोनदा घ्यायचं विसरलं तर −२८७१ येतात. बहुपर्यायी प्रश्नात हा पर्याय बहुतेक वेळा दिलेलाच असतो.

जाता जाता: हे आकडे मोजतात कसे हेही सांगा. ऋण आयनांच्या झोतावर लेझर टाकतात आणि इलेक्ट्रॉन सुटायला प्रकाशकणाची किमान किती ऊर्जा लागते ते बघतात. क्लोराइडसाठी ती ३.६१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३४३ नॅनोमीटरचा प्रकाश. फ्लोराइडसाठी ३.४०१, म्हणजे ३६४.५ नॅनोमीटर. ९६.४८५ ने गुणा, ३४८.६ आणि ३२८.२ मिळतात. "क्लोराइड आपला जादा इलेक्ट्रॉन फ्लोराइडपेक्षा घट्ट धरतो" हे वाक्य मुलांना "जास्त ऋण" पेक्षा लवकर पटतं.

वर्गपाटी

तिघांचे आभार. दोन शंका उरल्या. ऑक्साइड आयनासाठी दुसरी ग्रहण एन्थाल्पी एका ठिकाणी +७४४, दुसरीकडे +७८०, तिसरीकडे ८४० च्या वर. एवढा फरक कशाने? आणि दुसऱ्या गणासाठी "धन किंवा शून्य", नायट्रोजनसाठी "अर्धभरित, म्हणून स्थिर" एवढं सांगून चालतं का?

शून्य_केल्विन

पहिली ग्रहण −१४१ ही मोजलेली आहे. दुसरी मोजता येतच नाही, कारण वायुरूपात सुटा ऑक्साइड आयन टिकत नाही. एका ऋण आयनावर दुसरा ऋण कण लादायचा, तो लगेच निसटतो. त्यामुळे ती किंमत बॉर्न-हेबर चक्र उलटं फिरवून काढतात. मॅग्नेशियम ऑक्साइड घ्या: १४८ + २१८९ + २४९ − १४१ = २४४५, निर्मिती −६०२. जालक एन्थाल्पी −३७९१ धरली तर दुसरी ग्रहण +७४४ येते. −३८५० धरली तर +८०३. जालक ऊर्जेच्या प्रतिमानात जे बदलेल ते सगळं या आकड्यात येऊन पडतं.

यात एक सापळा आहे. अशी काढलेली किंमत घेऊन त्याच मॅग्नेशियम ऑक्साइडची जालक एन्थाल्पी "काढायला" सांगणारी गणितं संग्रहांत असतात. आपण जे आत घातलं तेच बाहेर येतं. आकडेमोडीचा सराव म्हणून ठीक, पण यावरून जालक ऊर्जा कळली असं मुलांना वाटू देऊ नका.

महत्त्वाचं ते हे की दोन्ही मिळून बेरीज सहाशेच्या वर धन आहे, तरी ऑक्साइड सर्रास बनतात. खर्च जालक भागवते.

कक्षक

दुसरी शंका.

"अर्धभरित म्हणून स्थिर" चुकीचं नाही, अपुरं आहे. नायट्रोजनच्या तिन्ही २पी कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन बसलेला आहे. चौथ्याला कोणाच्या तरी कक्षकात जोडीने बसावं लागतं, तिथली ढकल जास्त आणि विनिमय ऊर्जेचा (समांतर फिरकीच्या इलेक्ट्रॉनांमुळे मिळणाऱ्या स्थैर्याचा) फायदाही मिळत नाही. असं सांगितलं की कार्बन १२२ का हेही त्याच दमात सुटतं: तिथे रिकामा २पी कक्षक आहे आणि इलेक्ट्रॉन आला की उपकवच अर्धं भरतं. फक्त "स्थिर" म्हटलं तर फॉस्फरसही अर्धभरित आहे, त्याचे ७२ कसे, याला उत्तर उरत नाही. उत्तर पुन्हा आकारातच आहे: ३पी मध्ये जोडीने बसणं तेवढं जाचक नाही.

पंधराव्या गणात तर "खाली जाताना कमी ऋण" हा नियमच उलटतो. फॉस्फरस ७२, आर्सेनिक ७८, अँटिमनी १०१, मग बिस्मथ ९१. या गणावर कल विचारला तर सावध.

दुसऱ्या गणात बेरिलियम आणि मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन धरत नाहीत, तिथे पुस्तक बरोबर. पण कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम धरतात, अगदी बोटाच्या टोकाने: २.४, ५ आणि १४ किलोज्यूल. कॅल्शियमचा स्थिर ऋण आयन १९८७ मध्ये दिसला, त्याआधीच्या आकड्यांवर बेतलेले तक्ते अजून फिरताहेत. परीक्षेत मात्र पुस्तकाचंच उत्तर लिहावं, इथे शहाणपण दाखवून गुण मिळत नाहीत.

तसंच अ‍ॅस्टॅटिन. शालेय तक्त्यांत −२७० असते, ती अंदाजाने काढलेली. प्रत्यक्ष मोजणी २०२० मध्ये सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या आयसोल्ड केंद्रात झाली: २.४१६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे २३३ किलोज्यूल. राजवायूंच्या धन किमती (निऑन +११६ वगैरे) याही मोजलेल्या नाहीत, अंदाजच आहेत.

एक आकडा फळ्यावर लिहून मुलांना ओळखायला सांगण्याजोगा: २२३. गंधकापेक्षा (२००) जास्त, आणि मूलद्रव्य धातू. सोने! सीझियमबरोबर ते खरोखरच ऋण आयन होऊन बसतं, सीझियम ऑराइड नावाचं संयुग आहे. "धातू इलेक्ट्रॉन देतात" हे घोकलेल्या वर्गात चांगली खळबळ उडते.

इलेक्ट्रॉनवेडी

मुलांचा आणखी एक गोंधळ राहिला: "सर्वांत विद्युतऋण फ्लोरीन, मग ग्रहण एन्थाल्पीही त्याचीच सर्वांत ऋण." विद्युतऋणता बंधातल्या अणूची, ग्रहण एन्थाल्पी सुट्या अणूची, हे सांगूनही पटत नसेल तर मलिकनची व्याख्या दाखवा. त्यात विद्युतऋणता म्हणजे आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन अ‍ॅफिनिटी यांची सरासरी. फ्लोरीन: (१७.४२ + ३.४०) ÷ २ = १०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. क्लोरीन: (१२.९७ + ३.६१) ÷ २ = ८.२९. अ‍ॅफिनिटीत क्लोरीन ०.२१ ने पुढे, पण आयनीभवनात फ्लोरीन ४.४५ ने. छोटा आकडा मोठ्याखाली दबून जातो, बस.

पेपरतपासणी

उत्तरपत्रिकांच्या बाजूने थोडं.

"जास्त" आणि "कमी" हे शब्द या प्रकरणात वापरूच देऊ नका. −३४९ ही −३२८ पेक्षा गणिताने लहान, पण रसायनवाले तिला "जास्त" म्हणतात. उत्तरात "जास्त ऋण" किंवा "जास्त ऊर्जा बाहेर पडते" असंच लिहायला लावा. प्रश्नात "चढत्या क्रमाने" एवढंच असेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावं: "सोडलेल्या ऊर्जेच्या चढत्या क्रमाने". मग तपासणाऱ्याला हेतू कळतो.

क्रम लावायची पद्धत: आधी राजवायू, बेरिलियम, मॅग्नेशियम, नायट्रोजन वेगळे काढून तळाला ठेवावेत. मग उरलेल्यांचे गण बघावेत. हॅलोजन सगळ्यांच्या वर, त्यांच्याखाली सोळावा गण. गणातल्या गणात क्रम लावताना शेवटी २पी ची दुरुस्ती करावी. उलटं केलं, म्हणजे दुरुस्ती आधी केली, तर फ्लोरीनला गंधकाच्या खाली ढकललेली उत्तरं दिसतात. "अपवाद" हा शब्द डोक्यात बसलेला असतो, तो किती किलोज्यूलचा हे बसलेलं नसतं.

सरावाला हा एक प्रश्न पुरेसा आहे: ऑक्सिजन, गंधक, सिलेनियम, फ्लोरीन, क्लोरीन. बरोबर क्रम ऑक्सिजन (१४१), सिलेनियम (१९५), गंधक (२००), फ्लोरीन (३२८), क्लोरीन (३४९). ऑक्सिजन गंधक आणि सिलेनियमच्या मध्ये आला तर मुलाने अदलाबदल पाठ केली आहे. फ्लोरीन शेवटी आला तर विद्युतऋणतेचा क्रम लिहिला आहे. सिलेनियम गंधकाच्या वर गेला तर २पी ची दुरुस्ती एक आवर्त खाली सरकवून ३पी ला लावली आहे. अवघड करायचा असेल तर टेल्युरियम (१९०) घाला, तो ऑक्सिजन आणि सिलेनियमच्या मध्ये बसतो.